आईची भक्ती कमी पडली नव्हती

बाबांच्या बाराव्याला जेवणं आटोपली आणि आमच्याच नात्यातलं एक वडीलधारं माणूस आईला म्हणालं, "देव सगळ्यांचंच ऐकतो असं नाही. भक्ती कुठेतरी कमी पडली असणार." आई पानं उचलत होती. ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने देवळात जाणं सोडलं. म्हणून हे लिहितेय.

बाबा हॉस्पिटलात असताना आईने देवीला प्रसाद लावला होता, म्हणजे देवीचा कौल मागितला होता. भटजींनी पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीला लावल्या, सांगणं केलं, आणि आई हात जोडून, पापणी न लववता बघत राहिली. तिचा प्रश्न एकच होता, "हे घरी येतील ना?" उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. बाबा घरी आले. अकरा दिवस त्यांनी स्वतःच्या सोप्यावर बसून पेज खाल्ली, आणि मग गेले. तिचं मागणं ऐकलं गेलं नाही, असं कोणी कशावरून म्हणावं?

शास्त्रात काय आहे तेही बघू. गीतेच्या ७ व्या अध्यायात भगवंत भक्तांचे चार प्रकार सांगतात आणि त्यात पहिलं नाव घेतात आर्ताचं, म्हणजे संकटात सापडून हाक मारणाऱ्याचं. ज्ञानी त्यांना सर्वांत प्रिय, हे खरं. पण लगेच पुढच्या श्लोकात ते म्हणतात, "उदाराः सर्व एवैते". हे सगळेच थोर आहेत. ९ व्या अध्यायात तर, "समोऽहं सर्वभूतेषु", माझा कोणी नावडता नाही आणि कोणी आवडता नाही. पुढच्याच श्लोकात दुराचाऱ्यालाही दार उघडं आहे. भागवताच्या ८ व्या स्कंधातला गजेंद्र तर हत्ती. सोंडेत एक कमळ धरून त्याने हाक मारली. आणि ज्या नक्राने, म्हणजे मगरीने, त्याचा पाय धरला होता, त्यालाही त्याच वेळी मुक्ती मिळाली. हे आपण कीर्तनात ऐकतो आणि विसरून जातो.

आमच्या वाड्यावरच्या ख्रिस्ती आंटीशी याबद्दल बोलले. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे चर्चमधल्या मेरीमातेच्या, फेस्ताला आई दरवर्षी तिच्याबरोबर तेल घेऊन जाते. आमच्यासाठी ही सायबीण म्हणजे लईराई देवीची बहीण मिराबाय. आंटी म्हणाली, बायबलमध्ये देव कान फिरवतो असं लिहिलेलं आहे, पण कोणाकडे ते नीट वाच. यशयाच्या पहिल्याच अध्यायात आहे: तुम्ही कितीही प्रार्थना केल्या तरी मी ऐकणार नाही, कारण तुमचे हात रक्ताने भरलेत. आणि लगेच पुढे, अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. म्हणजे देव कान फिरवतो तो विधवेला छळणाऱ्याकडे, रडणाऱ्या विधवेकडे नव्हे. येशूचा प्रेषित पौल, त्याने आपल्या शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे" एवढं उत्तर मिळालं. म्हणून पौलाची श्रद्धा कमी होती असं कोणी म्हणत नाही. गेथशेमनेच्या बागेत खुद्द येशूने हा प्याला टळू दे म्हटलं होतं. तो टळला नाही.

मागितलेलं मिळालं नाही म्हणजे ऐकलंच नाही, हे मला दोन्हीकडच्या ग्रंथांत दिसत नाही. बाबांना आणखी वर्षं का मिळाली नाहीत, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण ते आईच्या भक्तीच्या मापात शोधणं हा अन्याय आहे, आणि दुःखाच्या घरात बसून तो करणं मला सहन होत नाही. ज्यांनी ते म्हटलं, तेही ही पोस्ट वाचतील. वाचावीच त्यांनी.

हे सगळं मी आईला एका संध्याकाळी वाचून दाखवलं. गजेंद्राच्या गोष्टीपाशी तिने पुन्हा वाचायला सांगितलं. "नक्राक लेगीत?" तिने विचारलं. म्हटलं, होय, नक्रालासुद्धा.

काल म्हणाली, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाशील तर देवीसाठी अबोलीची फाती आण.