‘प्रेम असेल तर न बोलता कळतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी तिचा गाभा इथे देत आहे. तुमची जोडीदार ट्रान्स स्त्री. लग्न झालं तेव्हा सगळे तिला तुमचा नवरा म्हणत. तिचे हॉर्मोन्स सुरू होऊन वर्ष होत आलं. जोडीदाराशी शरीरसंबंधांबद्दल बोला, हा आमच्या लेखातला सल्ला तुम्हाला पुस्तकी वाटला. तुम्ही लिहिता: ‘बोलायला बसलं की एक तर भांडण, नाही तर रडारड. प्रेम असेल तर न बोलता कळतं. आणि माझ्या इच्छेचं काय? ते काढलं की मीच वाईट ठरते.’

शेवटच्या प्रश्नाकडे येऊच. पण ‘न बोलता कळतं’ हे मात्र अजिबात पटत नाही. जे शरीर तुम्हाला न बोलता कळायचं, त्याच्या सवयी आता बदलल्या आहेत, आणि हे बदल बाहेरून दिसत नाहीत. इस्ट्रोजेन (स्त्री-हॉर्मोन) आणि अँटी-अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनला रोखणारं औषध) सुरू झाल्यावर साधारण १ ते ३ महिन्यांत आपोआप येणारी ताठरता, विशेषतः सकाळची, कमी होते. कामेच्छाही बहुतेक जणींची त्याच सुमारास उतरते, आणि ३ ते ६ महिन्यांत हा फरक पुरता जाणवतो. टेस्टोस्टेरॉन खाली आणलेलं असतं, त्याचा हा परिणाम. घरात मात्र त्याचा अर्थ वेगळाच लागतो. बायकोला वाटतं, हिला आता माझ्यात रस उरला नाही. ती कूस बदलून झोपते. जोडीदाराला वाटतं, हिला माझ्या नव्या शरीराची किळस येते. दोघी एकमेकींना जपायला म्हणून गप्प बसतात, आणि गोळीने झालेल्या गोष्टीचा दोष नात्यावर जातो. प्रेम कमी नसतानाही हे होतं. उलट जिथे माया जास्त तिथे गप्प बसणंही जास्त.

वर्षभरात आणखी काय काय होतं ते नीट पाहा, कारण ‘बोला’ म्हणजे नेमकं कशाबद्दल, हे त्यातूनच ठरतं. ३ ते ६ महिन्यांत स्तनाग्रांखाली छोटी कडक गाठ येते आणि ती हुळहुळी असते. वाढ पुढे २ ते ३ वर्षं चालते, म्हणजे तिची ती आत्ता चालूच आहे. पूर्वीच्या जोराने दाबलं तर कळ येते. उघड्या तळव्याने हलकं धरलं तर बहुधा चालतं. त्वचा मऊ आणि पातळ होते, घासलं की लवकर लाल होते. वीर्य कमी, पातळ, पाण्यासारखं होतं, काहींना येतच नाही. परमोच्च क्षणाला पोचायला वेळ लागतो, पण बऱ्याच जणी सांगतात की तो जास्त लांबतो आणि अंगभर पसरतो. फार दिवस ताठरता आलीच नाही, तर आल्यावर कातडी ताणून दुखू शकते. काही जणींना ताठरता गेली तर सुटल्यासारखं वाटतं, काहींना ती हवी असते, आणि तिला यातलं काय हवं आहे हे तिच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

इच्छेचा क्रमही उलटतो. आधी इच्छा आणि मग स्पर्श, असं पूर्वी व्हायचं. आता बऱ्याचदा आधी स्पर्श होतो आणि इच्छा मागाहून येते. म्हणून २०–३० मिनिटं काहीच साधायचं नाही असं ठरवून जवळ राहणं उपयोगी पडतं. ‘आज होणार की नाही’ ही परीक्षा त्यातून निघून जाते.

आता भांडण का होतं ते. बहुतेक घरांत हा विषय निघतो तो अंथरुणात, काही तरी बिनसल्यावर पाच मिनिटांनी. त्या वेळी दोघीही उघड्या आणि दुखावलेल्या असतात, कुठलंही वाक्य आरोपासारखं लागतं. विषय दिवसा, कपडे अंगावर असताना काढा. वन-बीएचकेत सासूबाई आणि मुलं असतील तर घराबाहेर पडा. चालता चालता बोलणं सोपं जातं, कारण समोरासमोर डोळ्यांत बघावं लागत नाही. अर्ध्या तासाच्या पुढे ताणू नका, आणि एका वेळी एकच विषय घ्या.

प्रश्न कसा विचारता यावर बरंच अवलंबून आहे. ‘तुला काय आवडतं?’ याला उत्तर येत नाही, कारण या नव्या शरीराची तिलाही अजून नीट ओळख नाही. ‘छातीला हात लावलेला चालतो का? तळवा की बोटं? ब्लाउज घातलेला असताना की काढल्यावर?’ याला येतं. एक पद्धत आम्ही नेहमी सुचवतो. दोघींनी वेगवेगळ्या कागदावर शरीराचे भाग लिहायचे, ओठांपासून पायापर्यंत, आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक शेरा: चालेल, विचारून, नको. कोणत्या भागाला कुठला शब्द वापरायचा तेही शेजारी लिहायचं. मग कागद बदलायचे. ‘नको’ला कारण विचारायचं नाही. दर २–३ महिन्यांनी नवा कागद, कारण तोवर शरीर पुढे गेलेलं असतं. तुमचाही कागद असतो, हे विसरू नका. एकीनेच भरला तर ती तपासणी होते. ऐन वेळी थांबायला एक शब्द ठरवा, आणि थांबल्यावर काय करायचं तेही: पाणी, पांघरूण, हात हातात. भावनेच्या भरात तोंडून जुनं ‘तू करतोस’ निघालं तर लगेच ‘करतेस’ म्हणा आणि पुढे चला. दहा मिनिटं माफी मागत बसलात तर समजूत तिलाच काढावी लागते.

आता तुमची इच्छा. तुम्हाला पुरुषाचं शरीर आवडत होतं आणि ते बदलतंय याचं दुःख झालं, तर त्याने तुम्ही वाईट ठरत नाही. पण बोलण्याआधी स्वतःपुरतं वेगळं करा: हे गेल्याचं दुःख आहे, काय करावं ते न कळणं आहे, की ओढच उरलेली नाही? तिन्ही गोष्टी अंथरुणात सारख्याच दिसतात. पहिली आधी मैत्रिणीपाशी किंवा समुपदेशकापाशी मोकळी करा, कारण ते सगळं ऐकण्याचं बळ तिच्यात आत्ता कदाचित नसेल. दुसरी तिलाच सांगा, ‘मला तुझ्याजवळ यायचंय, पण हात कुठे ठेवू ते कळत नाही.’ या वाक्याने भांडण झालेलं क्वचितच दिसतं. तिसरी असेल तर तीही सांगावी लागते, उशिरा सांगितली की जास्त लागते. ‘तू कशी तरीच दिसतेस’ असं नको. ‘माझी ओढ कमी झाली आहे, माया नाही, पुढे कसं राहायचं ते मिळून ठरवू’ असं सांगता येतं. काही जोडपी शरीरसंबंधांशिवाय सोबत राहतात, काही वेगळी होतात. तुम्हालाही ‘नको’ म्हणायचा तेवढाच हक्क आहे.

एक मागणी मात्र करू नका: ‘आठवडाभर गोळ्या बंद ठेव, जरा जमेल.’ हे बऱ्याच घरांत चालतं. हॉर्मोन्स वरखाली झाले की चिडचिड, अंगातून वाफा आणि शरीराबद्दलची जुनी घुसमट परत येते, आणि ती घुसमट घेऊन कुणाला जवळ यावंसं वाटत नाही. ताठरता दोघींनाही हवी असेल तर सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल हा पर्याय आहे, पण डॉक्टरांना विचारूनच. ती स्पायरोनोलॅक्टोन (एक अँटी-अँड्रोजेन गोळी) घेत असेल तर रक्तदाब आधीच खाली असू शकतो, आणि छातीत दुखण्यावरची नायट्रेटची औषधं चालू असतील तर या गोळ्या अजिबात चालत नाहीत.

पुढे योनी घडवण्याची शस्त्रक्रिया ठरली तर बोलणं तारखेच्या आधी व्हायला हवं. सुरुवातीचे काही महिने दिवसातून सुमारे ३ वेळा डायलेशन (योनी आकसू नये म्हणून आत साचा ठेवणं) असतं, दर वेळी २०–३० मिनिटं. त्यासाठी कडी लागणारी खोली लागते. संभोग साधारण १२ आठवड्यांनंतर, तोही सर्जनने तपासून हो म्हटल्यावर. शिश्नाच्या त्वचेपासून केलेली योनी उत्तेजनेने ओली होत नाही, वंगण कायम लागतं. कोरडेपणा म्हणजे अनिच्छा, हा जुना हिशेब तिथे लावू नका. प्रोस्टेट काढत नाहीत, आता ती योनीच्या पुढच्या भिंतीमागे असते. तिथला दाब काहींना सुखाचा वाटतो. रक्ताचे डाग दिसले तर बऱ्याचदा भरून येताना वाढलेला लालसर मांसल भाग असतो, सर्जन त्याला सिल्व्हर नायट्रेट लावतात. ताकद लावून बघू नका.

जोडीदार ट्रान्स पुरुष असलेल्या वाचकांसाठी थोडक्यात: टेस्टोस्टेरॉनने इच्छा बहुधा वाढते, क्लिटोरिस वाढतं आणि थेट स्पर्श बोचू शकतो. योनी मात्र कोरडी आणि नाजूक होते, चीर जाऊन रक्त येतं. पाण्याच्या आधाराचं वंगण वापरा. तरी दुखलं तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा. ते रक्तात फार थोडं उतरतं, दाढी-आवाजावर परिणाम होत नाही. तो टेस्टोस्टेरॉनचं जेल लावत असेल तर जवळ येण्याआधी त्याने ती जागा साबणाने धुवायची, नाही तर औषध तुमच्या अंगाला लागतं. तुम्ही गरोदर असाल तर हे फारच जपायचं. त्याची पाळी थांबली तरी त्याला गर्भ राहू शकतो.

हेच तुम्हालाही लागू आहे, ताई. इस्ट्रोजेन हे गर्भनिरोधक नव्हे. वीर्य पातळ दिसलं तरी त्यात शुक्राणू असू शकतात. मूल नको असेल तर कंडोम किंवा तुमच्या बाजूचं साधन हवंच. कंडोमबरोबर खोबरेल तेल वापरू नका, लेटेक्स फाटतं. आणि ताठरता अर्धवट असेल तर तो निसटतो, काढताना मुळाशी धरा. समुपदेशक निवडताना ‘हिला पूर्वीसारखं करून देतो’ म्हणणारा असेल तर लगेच उठा. असले उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हॉर्मोन्सच्या डॉक्टरकडे) पुढच्या खेपेला दोघी मिळून जा आणि तीन प्रश्न लिहून न्या: टेस्टोस्टेरॉनची पातळी किती आहे, डोस आहे तो पुरे का, आणि मूल हवं असेल तर शुक्राणूंची तपासणी व साठवण आता शक्य आहे का.