बांगडा, फॉर्मालिन आणि अंगावरच्या गांधी

सांगली, मिरज, कराडच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: "घाटावर येणाऱ्या बांगड्याला फॉर्मालिन मारतात, म्हणून अंगावर गांधी उठतात. लिंबू-मीठ चोळून कडक तळा, विष जातं. पावसाळ्यातला बांगडा तर तळ्यात पाळलेला." फॉर्मालिन म्हणजे मृत शरीर कुजू नये म्हणून वापरतात ते रसायन. या मजकुरातला तळण्याचा सल्ला सरळ धोक्याचा आहे.

आधी गांधी. बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर कल्ल्यांतले आणि आतड्यातले जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात; गांधी उठवणारं रसायन ते हेच. तापमान ४ अंशांच्या वर गेलं की हे काम वेग धरतं. आंबा किंवा कुंभार्ली घाट चढताना टेम्पोतला बर्फ वितळला, नाहीतर एप्रिलच्या उन्हात मासा पाटीवर उघडा राहिला, तर फॉर्मालिनचा थेंबही न लागता माणसाला बाधतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, गांधी उठतात. घास जिभेला चुरचुरला तर तिथेच थांबा. श्वास लागला तर तडक दवाखाना, आणि बांगडा खाल्ल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा.

तळल्याने जीवाणू मरतात, तयार झालेलं हिस्टामिन जात नाही. कुकरने, लिंबाने, फ्रीजरनेही नाही. अशा माशाला दुर्गंध असेलच असंही नाही, म्हणून नुसत्या वासावर विसंबू नका. लालभडक कल्ले, फुगीर डोळे, घट्ट पोट बघाच. पण मासा बर्फात पुरलेला आहे ना, हे आधी बघा. बर्फातला म्हणजे शिळा, हा समज उलटा आहे. किलोभर माशाला किलोभर बर्फ पिशवीत घालून न्या, घरी पोचताच कल्ले-आतडी काढा, मसाला लावून ठेवायचा तर फ्रीजमध्येच.

फॉर्मालिन कुणी मारतच नाही, असं आम्ही म्हणत नाही. ते तपासायची कागदी पट्टी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने काढली आहे. गांधींवरून ते ठरत नाही.

राहिला तळ्यातला बांगडा. हा थव्याने फिरणारा, कल्ल्यांच्या दाट काट्यांतून प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) गाळून खाणारा समुद्री मासा. आपल्याकडे तो कुणी तळ्यात पाळत नाही. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना बंदी असते, पण पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते. पावसाळ्यात पाटीवर दिसतो तो तिकडचा किंवा शीतगृहातला.