चंद्रभागेच्या वाळवंटी कॅलिफोर्निया

काल सकाळपासून चौघांनी मला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं, "तुमचं गाणं काय सुंदर झालं हो!" मी गाणं म्हटलेलंच नाही. म्हणजे जेमतेम दीड मिनिट म्हटलं. उरलेलं सरांनी उलगडून सांगितलं.

सोसायटीचा गणपती, पाचवा दिवस, विविध गुणदर्शन. मी ईगल्स या अमेरिकन बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' म्हणणार होतो. गिटार हातात घेतलेल्या माणसाला हे गाणं एकदा होतंच, गोवरासारखं. मला ते पंचेचाळिसाव्या वर्षी झालं, त्यामुळे जरा जोरात झालं. सुरुवातच बी मायनर कॉर्डने, लगेच एफ शार्प. दोन्हीकडे पहिलं बोट तारांवर आडवं दाबून धरायचं. तीन महिने दाबलं. बोटाला घट्टा पडला, बायको दुसऱ्या खोलीत झोपायला लागली.

सेक्रेटरी म्हणाले, "आशय लेखी द्या." मागच्या वर्षी कुणाच्या तरी भाच्याने रॅप म्हटलं, त्यातली शिवी फक्त पुढच्या रांगेतल्या पोरांना कळली. तेव्हापासून परभाषेतल्या गाण्याला हा नियम. मराठी गाण्याला नाही. त्यामुळे सात-सात वर्षांच्या मुलींचा 'कोंबडी पळाली' बिनबोभाट पास झाला. ती कोंबडी कोण, ती का पळाली, हे कमिटीतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. संशयित काय तो मी.

दिलं लिहून. एक प्रवासी रात्री वाळवंटातून गाडीने चाललाय, थकून एका हॉटेलात शिरतो. दारात मेणबत्ती घेतलेली बाई. आत चैन. निघायचं म्हटल्यावर रात्रपाळीचा माणूस सांगतो, हिशेब चुकता कधीही करा, बाहेर मात्र पडता येणार नाही. हवेतल्या ज्या वासाचा उल्लेख आहे तो शब्द स्पॅनिश, अर्थ 'छोट्या शेपट्या', आणि अनेक लोक त्याचा अर्थ गांजाची बोंडं असा लावतात. मी 'रानफुलांचा सुवास' असं लिहिलं. लाज वाटली, पण गणपतीचे दिवस.

तेवढ्यात ऑफिसात सर आले. चौतीस वर्षं दहावीला मराठी शिकवलेले. माझा कागद त्यांनी हातात घेतला, खिशातून लाल पेन काढलं आणि 'सुवास'च्या सु-खाली रेघ मारली. का, ते अजून कळलेलं नाही.

"वाळवंट म्हणजे?"

"वाळवंट, सर. अमेरिकेतलं."

"अहो, वाळवंट म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवतं? चंद्रभागा! हॉटेल म्हणजे देह. जीव चार दिवसांच्या मुक्कामाला आलाय. मेणबत्तीवाली बाई?"

"रिसेप्शनिस्ट असेल."

"माया! आणि हा वास तुळशीचा."

मी गप्प बसलो. गांजापासून तुळशीपर्यंतचा प्रवास माझ्या पथ्यावरच पडत होता.

"छताला आरसे आहेत असं तुम्ही लिहिलंय," सेक्रेटरी चष्मा वर सारत म्हणाले. "छताला कशाला?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. सर क्षणभरही अडखळले नाहीत. "ऊर्ध्वदृष्टी. माणसाने वर पाहिलं की त्याला स्वतःचं रूप दिसतं."

सेक्रेटरींनी ते लिहून घेतलं.

"आणि ते जनावर, ज्याला सगळे सुऱ्या मारतात पण मरत नाही, तो अहंकार. हिशेब चुकता केला तरी सुटका नाही, म्हणजे पुनर्जन्म. सोपं आहे हो सगळं. तीन गुणांचा प्रश्न."

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, गाणं लिहिणाऱ्यांपैकी डॉन हेन्ली अजून आहेत. त्यांनी सांगितलंय, हा निरागसतेकडून अनुभवाकडे जाणारा प्रवास आहे. अमेरिकेतल्या चंगळीबद्दल आहे ते."

"कवी काय सांगतो ते कवीपाशी. पेपर तपासणार कोण?"

बीटल्स या इंग्लिश बँडच्या जॉन लेननचं आणि याच जातीच्या मास्तरांचं एकदा वाजलं होतं. १९६७ साली त्याच्या जुन्या शाळेतल्या एका पोराने पत्र लिहून कळवलं, की वर्गात बीटल्सच्या गाण्यांचा अर्थ काढायला लावतात. लेननने मुद्दाम अंडी, वॉलरस आणि रवा असलं काहीबाही कोंबून एक गाणं केलं, आता काढा म्हणावं अर्थ. तो सरांच्या तावडीत सापडला नाही म्हणून वाचला. त्या रव्याचा सरांनी सत्यनारायणाचा प्रसाद केला असता.

पण दोष सरांचा तरी कसा म्हणू? आपल्याकडे सरळ अर्थाला कधी मान होता? नाथांच्या भारुडात विंचू चावतो, तर तो विंचू नसतो, काम-क्रोध असतो. 'सासरा माझा गावी गेला, तिकडंच खपवी त्याला' असं सून भवानीला साकडं घालते, तेही परमार्थात बसतं. मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडून सूर्य गिळते, आणि 'मुंगी कशी उडेल?' असं विचारणाऱ्या पोराला वर्गाबाहेर उभं करतात. मी उभा राहिलोय. आठवीत. पंख फुटलेल्या मुंग्या पावसाळ्यात आमच्या ट्यूबलाइटभोवती रोज दिसायच्या, एवढंच मी म्हटलं होतं.

असो. त्या दिवशी बाराची सवलत नव्हती, दहाला स्पीकर बंद. नऊ एकतीसला माझं नाव पुकारलं. मी तारा जुळवतोय तोवर सेक्रेटरी म्हणाले, "तत्पूर्वी सर दोन शब्द सांगतील." मूळ गाणं साडेसहा मिनिटांचं आहे, त्यातली शेवटची दोन मिनिटं नुसती गिटार. सरांचे दोन शब्द पंचवीस मिनिटं चालले. गिटार मांडीवर घेऊन, चेहऱ्यावर प्रसन्न भाव ठेवून पंचवीस मिनिटं स्टेजवर बसून बघा. पाय झोपतो. मधेच सरांनी माझ्याकडे हात करून "हा जीव" असं म्हटलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नऊ छपन्नला सर थांबले. मग त्यांना शाल. नऊ अठ्ठावन्नला मी सुरू केलं. घाईत एफ शार्प घसरला. गाडी हॉटेलच्या दारापर्यंत पोचली, बाई मेणबत्ती घेऊन उभी राहिली आणि सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने प्लग काढला. मी बाहेरच. गिटारचा तुकडा वाजवायचा राहिला तो राहिलाच, ज्यासाठी बायको दुसऱ्या खोलीत गेली होती.

खाली ए विंगच्या काकू भेटल्या. "सरांनी इतकं छान सांगितलं ना, की म्हणायची गरजच नव्हती."

सगळ्यात राग याचा, की सर फार चुकलेलेही नाहीत. चंगळीत अडकलेला माणूस, सुटका नाही. हेन्लींचं म्हणणं तरी याहून किती लांब आहे? पूर्ण चुकले असते तर निदान भांडता आलं असतं.

गिटार खांद्याला लावून गेटपाशी पान खायला निघालो. वॉचमन मामा खुर्चीतून उठले.

"साहेब, ते रातपाळीवाल्याचं खरंय का? असं म्हणतो तो गाण्यात? आत आलेला बाहेर जात नाही म्हणून?"

"म्हणतो."

मामांनी टेबलावरचं व्हिजिटरचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. 'आत' या रकान्यात ओळीने नावं, वेळा, सह्या. 'बाहेर'चा रकाना पहिल्या पानापासून कोरा.

"मी कवाधरनं सांगतोय सेक्रेटरीला," मामा म्हणाले.