प्रत्येक 'सॉरी' म्हणजे माफी नव्हे

एका लेखात इंग्रजी 'सॉरी'चा अर्थ सरळ 'माफ करा' असा दिलाय, तो अर्धाच आहे. कुणाचे वडील गेले की इंग्रजीत 'आय ॲम सॉरी' म्हणतात, तिथे कसली माफी? 'ऐकून वाईट वाटलं', एवढंच. मुळात जुन्या इंग्रजीतला 'सारिग' म्हणजे व्यथित, दुखावलेला. दुखऱ्या जागेच्या 'सोअर'शी त्याचं नातं. दुःखवाचक 'सॉरो'शी नाही बरं का, दिसायला मात्र सख्खे भाऊ! आणि ऐकू आलं नाही की शेवट जरा वर नेत 'सॉरी?' म्हणतात, म्हणजे नुसतं 'काय म्हणालात?'. मी एकदा फोनवर त्याला 'इट्स ओके, इट्स ओके' असं उत्तर दिलं होतं. पलीकडे क्षणभर शांतता. मग पुन्हा, 'सॉरी?'