पाटे वाढवून पिकअप तीन टनांची होत नाही

"नवी पिकअप घेतली? पहिल्या महिन्यात ही ७ कामं करून घ्या, कंपनीवाले कधीच सांगणार नाहीत!" हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. खाली सही काय, तर "एक अनुभवी मेकॅनिक". नाव नाही, गाव नाही, आणि शेवटी दहा गाडीवाल्यांना पुढे पाठवायची विनंती.

असले मेसेज मी एरवी उघडतही नाही. पण हा भाच्याकडून आला. त्याने कर्ज काढून १७०० किलो पासिंगची (म्हणजे कायद्याने तेवढाच माल न्यायची) पिकअप घेतलीय आणि नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला नेतो. मेसेजखाली त्याने लिहिलं होतं, "मामा, यादीतलं एक नंबरचं काम आपल्याच गॅरेजला करू. कधी आणू गाडी?" त्याला फोनवर जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. जे छापण्यासारखं आहे ते लिहितो, कारण हाच मेसेज दाखवत आणखी गिऱ्हाइकं येणार हे मला दिसतंय.

ती सात कामं थोडक्यात अशी. मागे दोन जादा पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) टाका, १७०० ची गाडी १५० क्रेट आरामात घेते. पुढे जाड पाइपचा क्रॅश गार्ड बसवा. १००/९० वॅटचे बल्ब आणि टपावर एलईडी बार लावा, फ्यूज उडायला लागला तर मोठा टाका. रुंद टायर चढवा. प्रेशर हॉर्न बसवा. हौद्यावर उंच जाळी मारून घ्या. आणि सातवं, कोणाला घाबरू नका, नटबोल्टने बसवलेली वस्तू म्हणजे फेरफार नव्हे असं खुद्द सुप्रीम कोर्टाने सांगितलंय.

पाट्यांपासूनच सुरुवात करतो. बाकीच्या कामांनी खिसा फाटेल. याने माणूस जाईल.

मेसेज म्हणतो, "कंपनी मुद्दाम लोड कमी लिहिते, चासी तीन टनांचीच असते." यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करावं लागेल. कंपनी हातचं राखूनच आकडा लिहिते. पण ते कशासाठी? भरली गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा चासीवर, हौसिंगवर (मागच्या ॲक्सलच्या कवचावर), चाकाच्या हबमधल्या बेअरिंगवर क्षणभर जो दणका बसतो तो उभ्या वजनापेक्षा कितीतरी मोठा असतो. राखून ठेवलेली ताकद त्या दणक्याची आहे. ती तुम्ही टोमॅटोने भरून टाकलीत, तर खड्डा आल्यावर गाडीने काय करायचं? आणि आपल्या रस्त्यांवर खड्डा येणार की नाही, हा प्रश्न कोणाला पडत नाही.

आता हिशेब बघा. क्रेटसकट टोमॅटो बावीस किलो धरला तर १५० क्रेटचे ३३०० किलो होतात. पासिंग १७००. म्हणजे जवळजवळ दुप्पट. रिकाम्या गाडीचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास असतं, ते मिळवलं तर रस्त्यावर पाच टनांचा ऐवज पळतोय. गाडी बनवली आहे ती साडेतीन टनांच्या आतल्या वजनासाठी. तितक्याच वेगाला थांबवायला ब्रेकला जवळजवळ दीडपट काम पडणार. पाटे वाढवले म्हणून पुढच्या ब्रेकची डिस्क मोठी झाली का? मागच्या ब्रेकचे लायनर रुंद झाले का? हबमधलं बेअरिंग बदललं का? पाटे टाकून एकच होतं, गाडी मागून बसत नाही. बसलेली गाडी लांबून दिसते, म्हणून लोक मालाला घाबरतात. ती सरळ उभी राहिली की भीती जाते, वजन मात्र जागच्या जागी असतं.

पुढचं जे आहे ते "अनुभवी मेकॅनिक"ला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून लपवलंय. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही म्हणतात त्याला. गाडीखाली आडवे व्हा आणि मागच्या हौसिंगच्या वर बघा. चासीला एक छोटा व्हॉल्व्ह बोल्ट केलेला दिसेल आणि त्यातून एक रॉड किंवा स्प्रिंग खाली हौसिंगपर्यंत आलेली दिसेल. माल भरला की पाटे दबतात, चासी खाली येते, हौसिंग आणि चासीतलं अंतर कमी होतं, रॉड फिरतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की अंतर वाढतं आणि मागचं प्रेशर कमी होतं. कारण रिकाम्या पिकअपचं मागचं चाक चटकन जाम होतं आणि गाडी मागून फिरते. म्हणजे गाडीत माल किती आहे हे व्हॉल्व्हला फक्त त्या अंतरावरून कळतं. दुसरं साधन त्याच्याकडे नाही.

आता टाका दोन जादा पाटे. तीन टन भरले तरी चासी पुरती खाली येत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडीत माल कमीच आहे. तो मागचं प्रेशर आखडून धरतो. तीन टन माल, उतार, आणि बहुतेक भार पुढच्या दोन डिस्कवर. खंडाळ्याच्या घाटात खाली जाताना ड्रायव्हर पाय दाबून धरतो, पॅड तापतात, कॅलिपर तापतो, ब्रेक ऑइलला उकळी फुटते आणि पेडल मऊ होऊन तळाला जातं. मग म्हणायचं, "ब्रेक फेल झाला." फेल कसला, पाटे टाकले त्या दिवशीच त्याचं निम्मं काम काढून घेतलं होतं.

काही महाभाग याच्याही पुढचे. त्यांना व्हॉल्व्ह माहीत असतो. ते रॉड तारेने वर बांधून ठेवतात, म्हणजे प्रेशर कायम पूर्ण. मग वाशीत माल उतरवून पावसात रिकामी गाडी परत येते, पुढे कोणी ब्रेक मारला म्हणून हाही मारतो, मागची चाकं जाम होतात आणि गाडी आडवी. अशी तार बांधलेल्या गाड्या आमच्याकडे लायनर बदलायला येतात तेव्हा सापडतात. मालकाला विचारलं तर म्हणतो, "ते काय असतं?"

पाट्यांबाबत एक गोष्ट मात्र खरी. जुने पाटे मऊ पडतात, सपाट होतात, मधला एखादा तुटतो. त्या वेळी पूर्ण सेट बदलायचा, पण त्याच मापाचा, तितक्याच पाट्यांचा, आणि पाटे हौसिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट नवीन टाकून. हे दुरुस्तीचं काम आहे, मेसेजवाला सांगतोय ते नाही. जादा पाट्यांसाठी यू-बोल्ट लांब लागतो हेही त्याने सांगितलेलं नाही. जुन्याच यू-बोल्टवर चार आटे पकडून भागवलेली गाडी मी पाहिलीय, आणि ते बघून त्या गाडीमागून स्कूटर चालवायची माझी तरी हिंमत नाही.

टायरचं इथेच उरकतो, कारण ते याच हिशेबातलं आहे. टायरच्या कडेला मापाच्या पुढे एक आकडा छापलेला असतो. १०९ असेल तर एका टायरला १०३० किलो, १०० असेल तर ८००. मागे दोनच टायर. त्यांनी मागच्या बाजूचं गाडीचं वजन आणि बहुतेक सगळा माल उचलायचा. मेसेजवाला "रुंद, दमदार दिसणारे" टायर चढवायला सांगतो. ते बरेचदा प्रवासी गाड्यांचे असतात, रुंदीला जास्त आणि भाराला कमी. एकीकडे माल दुप्पट करा म्हणायचं आणि दुसरीकडे टायर हलका करा म्हणायचं, हे एकाच मेसेजमध्ये! लिहिणाऱ्याने स्वतःचा एक नंबर वाचून मग चार नंबर लिहिला असता तरी पुरे होतं.

लाइटच्या बाबतीत माझी सहानुभूती गाडीवाल्यांकडे आहे. कंपनीचा ६०/५५ वॅटचा बल्ब रात्री पावसात कमीच पडतो, कोण नाही म्हणतो? पण ६० वॅटला बारा व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला आठच्या वर. दोन बल्बांचे मिळून सतरा, आणि ते सगळे स्टिअरिंगखालच्या त्या बारीक स्विचमधून आणि कंपनीच्या बारीक वायरीतून जाणार. आधी होल्डर वितळतो, मग वायर. फ्यूज उडतो तो हेच सांगायला. त्याच्या जागी ३० चा टाकायचा किंवा तार गुंडाळायची, म्हणजे आता वायर जळेल पण फ्यूज उडणार नाही. डॅशबोर्डमागून धूर येतो तो असा. आधी काच आणि रिफ्लेक्टर बघा, पिवळे पडले असतील तर बदला, लाइटचा फोकस भिंतीवर लावून घ्या. बल्बपर्यंत व्होल्टेज पुरतं येत नसेल तर कंपनीचाच बल्ब ठेवून रिले (म्हणजे लाइटचा करंट बारीक स्विचमधून जात नाही) आणि जाड वायरिंग करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आणि पाटे वाढवून मागून उचललेली गाडी रिकामी असताना लाइट नाकासमोर जमिनीवर पाडते. तेव्हा पुन्हा पाट्यांकडेच या. टपावरच्या एलईडी बारबद्दल समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला विचारा.

क्रॅश गार्ड. बॉनेटचा पत्रा आणि बंपर चेपण्यासाठीच असतात. ते चेपताना धक्का खातात. जाड पाइप थेट चासीच्या टोकाला बोल्ट केला की तो धक्का न चेपता चासीत आणि तिथून केबिनमध्ये जातो. बाजारात हळू जाताना गार्डमुळे पत्रा वाचतो हे कबूल. पण त्या गार्डसमोर माणूस आला तर पत्र्याऐवजी लोखंडी पाइप त्याच्या मांडीवर बसतो, लहान पोर असेल तर डोक्यावर. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून असे गार्ड बसवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे आणि कारवाई करा असं कळवलं होतं.

प्रेशर हॉर्नवर शाई खर्च करत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम कर्कश आणि सुरावर सूर काढणारे हॉर्न चालत नाहीत म्हणतो. विषय संपला.

उंच जाळीमुळे माल वर चढतो आणि वळणावर गाडी कलंडायला बघते, हे घाटात चालवणाऱ्याला मी काय सांगू. सांगायचं ते वेगळंच. जाळी, गार्ड, टूलबॉक्स, टपावरचा कॅरिअर, हे सगळं लोखंड पासिंगमधूनच वजा होतं. सगळं मिळून दीडशे किलो झालं तर सात क्रेट कमी भरायचे. माल जास्त न्यायचा म्हणून ज्या वस्तू लावायच्या, त्याच मालाची जागा खातात.

आता सातवं, सुप्रीम कोर्ट. कोर्टाने जे सांगितलं ते मेसेजमध्ये नेमकं उलटं करून छापलंय. निकाल ९ जानेवारी २०१९ चा, केरळमधल्या प्रकरणाचा. तिथल्या हायकोर्टाने वाहनाच्या रचनेत बदल करायला वाट मोकळी ठेवली होती. सुप्रीम कोर्टाने ती बंद केली आणि सांगितलं की कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येणार नाही. कलम ५२ तेच म्हणतं. सीएनजी, एलपीजीसारख्या बदलांना वाट आहे, पण ती परवानगीची. त्याच वर्षी कायद्यात १८२अ हे कलम आलं. त्यात मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द सात कामांची यादी घेऊन येणाऱ्याने नीट वाचावेत.

हो, कलम ५२ च्या स्पष्टीकरणात फेरफार म्हणजे वाहनाच्या मूळ स्वरूपात फरक पाडणारा रचनेतला बदल असं म्हटलंय. त्यामुळे सीट कव्हर, मॅट, रिव्हर्स कॅमेरा, ताडपत्रीचे हुक यांसाठी कोणी आत टाकणार नाही. मेसेजवाल्याने कदाचित एवढंच कुठेतरी ऐकलं आणि क्रॅश गार्डपर्यंत ताणलं. या किरकोळ वस्तू शोरूमपेक्षा बाहेर स्वस्त मिळतात हेही त्याने लिहिलंय आणि ते खरंच आहे. विजेवर चालणाऱ्या जोडवस्तू विम्याच्या पॉलिसीत वेगळा प्रीमियम भरून नोंदवता येतात. त्या नोंदवा, नाहीतर वायरिंग जळाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न त्यांचाच काढेल.

पाटे वाढवणं हा रचनेतला बदल की नाही यावर वकिलांनी हवा तितका वाद घालावा. वजनकाट्यावर वाद चालत नाही. कलम १९४ प्रमाणे जादा मालाला २० हजार, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीत. वजन करायलाच नकार दिला तर ४० हजार. जूनच्या उन्हात रस्त्याकडेला टोमॅटोचे सत्तर क्रेट उतरवून बसायचं, दुसरी गाडी शोधायची, बाजार चुकवायचा. जादा क्रेटच्या भाड्यातून किती महिन्यांनी ते भरून निघेल याचा हिशेब भाच्याने स्वतः करावा.

ज्यांनी आधीच पाटे टाकून घेतलेत त्यांच्यासाठी. जादा पाटे काढा आणि मूळ मापाचे नवीन यू-बोल्ट टाका. एलएसपीव्हीचा रॉड कंपनीच्या मापाला लावून घ्या, तार बांधलेली असेल तर आधी ती कापा. पुढचे पॅड आणि डिस्क उघडून बघा, निळसर झाली असेल किंवा चिरा दिसल्या तर बदला. ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवीन भरा. हे सगळं होईपर्यंत माल भरून घाट उतरू नका.