खुलासा : भिंगाची टॉर्च ‘दुप्पट उजेड’ देत नाही

‘पुढे भिंग असलेली झूम टॉर्च रिफ्लेक्टरवालीपेक्षा दुप्पट उजेड देते’ असा संदेश सोलापूर भागात, रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्यांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (रिफ्लेक्टर म्हणजे एलईडीभोवतीची चकचकीत वाटी.)

भिंग उजेड तयार करत नाही, फक्त गोळा करतं. एलईडीचा प्रकाश समोर अर्धगोलात पसरतो. झोत बारीक करायला भिंग पुढे ओढलं की कडेचा बराचसा प्रकाश नळीच्या आतल्या बाजूवर आदळून वाया जातो. उरलेला एका लहान चौकोनात एकवटतो, म्हणून डोळ्यांना जास्त वाटतो. तो चौकोन म्हणजे एलईडीच्या चिपचीच प्रतिमा. रिफ्लेक्टरमध्ये हाच कडेचा प्रकाश वाटीवरून परतून मधला झोत होतो आणि थेट निघालेला प्रकाश आजूबाजूला पसरतो. बांधावर पायाशी साप दिसतो तो या पसरट उजेडात. बारीक केलेल्या झूमच्या चौकोनाबाहेर मात्र काळोखच. शेतासाठी रिफ्लेक्टरच घ्या.

झोत किती लांब जाईल हे लुमेनवरून, म्हणजे एकूण उजेडाच्या मापावरून, कळत नाही. खोक्यावर कँडेला, म्हणजे झोताच्या तीव्रतेचं माप, पाहा, त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करा : 10,000 कँडेला म्हणजे 200 मीटर. तेवढ्या अंतरावर उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच असतो, हेही धरून चाला.

झूमचं डोकं सरकतं, त्या फटीतून पाणी आणि धूळ शिरते. रिफ्लेक्टरची वाटी बोटाने किंवा फडक्याने पुसू नका. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर ओरखडला की झोत कायमचा फिका पडतो.