‘कुठेही टाका, बरोबर पोहोचतं’: नाही पोहोचत

माझं झेरॉक्स आणि अर्ज टायपिंगचं दुकान आहे, सरकारी कचेऱ्यांच्या गल्लीत. त्यामुळे व्हॉट्सॲपवर काय फिरतंय ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कळतं. कुणीतरी मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, “असंच एक बनवून द्या.” सध्या फिरतोय तो मेसेज थोडक्यात असा: तक्रार पगाराची असो, पीएफची, आवाजाची, बेकायदा बांधकामाची नाहीतर सोसायटीची, ऑफिस शोधत बसू नका. ‘आपले सरकार’ पोर्टलवर टाका किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात द्या, कुठेही दिली तरी घ्यावीच लागते. चुकीच्या ठिकाणी गेली तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे. २१ दिवसांत निकाल. शिवाय दहा जणांना प्रत पाठवा, म्हणजे कुणीतरी हलेलच.

मेसेज धादांत खोटा असता तर बरं झालं असतं. पण त्यातलं बरंचसं कुठे ना कुठे खरं आहे, फक्त एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घातली आहे.

आधी ते पाच दिवस. हा नियम आहे माहिती अधिकार कायद्यातला, २००५ चं कलम ६(३). तुम्ही माहिती मागितली आणि ती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायचा. हा नियम माहितीच्या अर्जाला लागतो. “मालकाने पगार बुडवला” ही तक्रार आहे, तिला तो लागत नाही. तक्रारीही पुढे पाठवतात, नाही असं नाही. “योग्य त्या कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात येत आहे” हे वाक्य मी इतक्या पत्रांवर पाहिलंय की झोपेत टाइप करीन. पण किती दिवसांत वर्ग करायची आणि कितव्या वेळी ती नेमक्या टेबलावर पडेल, याची हमी मला तरी एकाही पत्रात दिसलेली नाही.

मग २१ दिवस. ‘आपले सरकार’ २०१५ मध्ये सुरू झालं आणि २१ कामाचे दिवस ही तिथे उत्तर देण्याची मुदत आहे. उत्तर आणि निकाल यांत फरक आहे. “संबंधित कार्यालयास कळविण्यात आले आहे” हेही उत्तरच, आणि तशी उत्तरं छापून घ्यायला लोक माझ्याकडेच येतात. त्याच वर्षी लोकसेवा हक्क कायदा आला. उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड, ही तरतूद त्यातली. पण तो दाखले, नोंदी, परवाने अशा ठरवून दिलेल्या सेवांसाठी आहे, शेजाऱ्याने वाढवलेल्या गॅलरीसाठी नाही. आणि पोर्टल राज्याचं. पीएफ केंद्राचा विषय, त्याच्या तक्रारीचं पोर्टल वेगळं.

पोलीस ठाण्याचं म्हणाल तर कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो हे खरं, त्याला झीरो एफआयआर म्हणतात. पण तो दखलपात्र गुन्ह्यासाठी, म्हणजे चोरी-दरोड्यासारख्या, ज्याचा तपास पोलीस कोर्टाला न विचारता सुरू करू शकतात. थकलेल्या पगाराचा कागद घेऊन गेलात तर ठाणे अंमलदार कामगार कार्यालयाचा रस्ता दाखवेल, आणि त्यात त्याचं फारसं चुकत नाही.

गेल्या वर्षी आमच्या आळीतले एक काका याच फेऱ्यात सापडले. एका मोठ्या इमारतीत ठेकेदाराकडे सफाईचं काम. पगाराच्या पावतीवर दरमहा पीएफची कपात, आणि पासबुकात चौथ्या महिन्यानंतर काही नाही. काम सोडलं तर शेवटचा पगारही नाही. त्यांनी एका पानात सगळं लिहिलं: पीएफ, पगार, मुकादमाच्या शिव्या, ॲसिडने साफसफाई करताना हातमोजे मिळत नव्हते तेही. वर ‘प्रति’खाली नऊ नावं. पोलिसांनी कामगार कार्यालयाकडे बोट दाखवलं, कामगार कार्यालयाचं पत्र आलं की भविष्य निर्वाह निधी त्यांच्या अखत्यारीत नाही. पगाराबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हतं. साहजिक आहे, विषयाच्या ओळीत काकांनी ‘पीएफ व इतर अन्याय’ लिहिलं होतं. ‘इतर’ कोण वाचतो?

मी त्यांना पहिलं विचारलं, “काका, इमारत कुणाची?” खासगी, म्हणाले. रेल्वेची, बँकेची, विमानतळाची असती तर पगारासाठी राज्याचं कामगार कार्यालय चाललं नसतं. तिथे केंद्रीय कामगार आयुक्तांची यंत्रणा लागते. ठेकेदार तोच, झाडू तोच, फक्त इमारतीचा मालक बदलला की कार्यालय बदलतं. मग एका पानाचे दोन अर्ज केले. पगाराचा सहायक कामगार आयुक्तांकडे: २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत काम सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगार द्यायचा आहे, आणि मागणी करायला तीन वर्षांची मुदत आहे. पीएफचा अर्ज भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे, पावत्या आणि पासबुक जोडून. ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ मालकाला भरावं लागतं, हेही त्यात टाकलं. (कापून घेतलेला पीएफ न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हाही ठरतो, म्हणजे पोलीस पुढे येऊ शकतात, पण सुरुवात तिथून नको.) हातमोज्यांचं काकांनी सोडून दिलं. कारखाना असता तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तिसरा अर्ज केला असता.

गावपातळीच्या तक्रारींत तर याहून गंमत. आवाजच घ्या. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालू असेल तर पोलीस. कारखान्याची घरघर असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय. खालच्या गाळ्यातली पिठाची गिरणी असेल तर आधी महापालिकेत परवाना बघा. बेकायदा बांधकामासाठी ‘महापालिका’ हे उत्तर पुरत नाही, तिथे नियोजन प्राधिकरण, म्हणजे बांधकामाला परवानगी देणारी संस्था, कोण ते बघावं लागतं. हिंजवडीत कित्येक वर्षं गाव ग्रामपंचायतीचं, आयटी पार्क एमआयडीसीचा आणि आजूबाजूची परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. तिथला माणूस पुणे महापालिकेला पत्र लिहितो आणि उत्तराची वाट बघतो.

सोसायटीवाल्यांना मी एकच सांगतो: तुमच्या उपविधींच्या (सोसायटीच्या नियमांच्या पुस्तकाच्या) शेवटाकडे सभासदांच्या तक्रारींचं प्रकरण आहे, ते वाचून या. आदर्श उपविधींत कुठली तक्रार कुणाकडे न्यायची ते लिहून ठेवलंय. कागदपत्रांच्या प्रती देत नाहीत, सभा बोलावत नाहीत, हिशेब नाही: सहकारी संस्थांचे उपनिबंधक. गळती, पार्किंग, असमान पाणी: सहकार न्यायालय. फ्लॅटमध्ये पाडापाडी: महापालिका. मारहाण, धमकी: पोलीस. सोसायटीच्या कपाटात हे छापील पुस्तक बहुतेक असतंच, उघडत मात्र कुणी नाही.

दहा प्रतींचा सल्ला सगळ्यांत वाईट. दहाही टेबलांना वाटतं, दुसरा बघेल. आणि कागद फिरत असताना मुदत थांबत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. पुढचे तीन महिने समितीला पटलं तरच. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समितीकडे, कमी असतील किंवा मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. पोर्टलवरचा टोकन क्रमांक घेऊन चौथ्या महिन्यात आलेल्या एका मुलीला मला हे सांगावं लागलं होतं. तिचा अर्ज मी त्याच दुपारी टाइप केला, उशिराच्या कारणाचा वेगळा परिच्छेद घालून.

काकांच्या पगाराच्या अर्जावर महिनाभरात सुनावणीची तारीख लागली. पीएफचं अजून चालू आहे. दोन्ही पोचा त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्यात, आवक क्रमांकाचा शिक्का वर येईल अशा घडीने.